साठ एचआरसीच्या पंचात दीड मिलिमीटरचं भोक, तेही हार्ड झाल्यावर. कसं पाडायचं?

मकरपुरा_प्रेसटूल:

नमस्कार मंडळी. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं प्रेसटूलचं वर्कशॉप आहे, वडील आणि मी मिळून बघतो. पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरवाल्यांचे वॉशर, टर्मिनल, क्लिपा असली कामं.

एक ब्लँकिंग पंच आहे, म्हणजे पत्र्यातून चकती (ब्लँक) कापणारा. डी२ टूल स्टीलचा, व्यास २५, हार्ड होऊन आला तेव्हा साठ एचआरसी (रॉकवेल मापाने कडकी) भरला. पाठीमागून ५ मिलिमीटरचं भोक नरम असतानाच पाडलेलं आहे, तोंडाकडे १२ मिलिमीटर भरीव शिल्लक आहे. तोंड ग्राइंड झालंय. आता अडचण अशी की पितळी पत्रा तेलकट असल्यामुळे ब्लँक पंचाच्या तोंडाला चिकटून वर येतो. पार्टी म्हणते मधोमध दीड मिलिमीटरचं भोक द्या, मागून हवा सोडू. ड्रॉइंगमध्ये हे आधी नव्हतं.

शिवाय त्याच टूलच्या डाय प्लेटमध्ये, जाडी २० आणि तीही डी२ हार्ड, ४ मिलिमीटरच्या डॉवेलसाठी (जागा पक्की धरणारी पिन) दोन भोकं हवीत, कारण स्टॉपर, म्हणजे पत्रा अडवणारा तुकडा, सरकवायचा आहे. फिट एच७.

आमच्याकडे पिलर ड्रिल आहे आणि एक टरेट मिलिंग, स्पिंडल २८०० आरपीएमपर्यंत जातं. भंगारातल्या हार्ड तुकड्यावर कोबाल्टचं नवं ड्रिल लावून पाहिलं. टेकल्याबरोबर चकचकीत टिपका उठला, ड्रिलचं टोक निळं पडलं, पुढे काही नाही. वडिलांचं म्हणणं, गॅसने तेवढीच जागा लाल करू, नरम पडेल, मग साध्या ड्रिलने पाडू. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना नीट सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.


पादरा_रोड:

वेळ घालवू नका. कोणत्याही वायरकटवाल्याकडे (ठिणग्या पाडणाऱ्या तारेने धातू कापणारे) सुपर ड्रिल असतं, तेही ठिणग्यांनीच भोक पाडतं. सकाळी टाका, संध्याकाळी घ्या.


निवृत्त_टूलरूम:

पादरा रोडवाल्यांचं उत्तर पंचापुरतं बरोबर आहे. पण तुझ्या दोन भोकांची जात वेगळी आहे, आणि वडिलांच्या मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं, म्हणून सविस्तर लिहितो. मी कलाभवनात शिकलो, नंतर सगळी नोकरी टूलरूममध्येच झाली, त्यामुळे या विषयावर माझ्याकडून थोडक्यात होत नाही.

आधी गॅसचं. वडील सांगतात ती रीत खरी आहे, पण ती साध्या कार्बन टूल स्टीलची. सिल्व्हर स्टीलचा पंच लाल करून राखेत किंवा चुन्यात पुरून ठेवला की सकाळी नरम मिळायचा. पूर्वी टूल त्याच मालाची व्हायची. डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. हे स्टील कडक व्हायला तेल लागत नाही, पाणी लागत नाही, नुसती हवा पुरते. म्हणजे तू गॅसने तेवढी जागा लालभडक केलीस आणि ज्योत काढलीस की आजूबाजूचं थंड लोखंड उष्णता ओढून घेतं आणि ती जागा परत कडक होते. यावेळी टेंपरिंगशिवाय (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला परत तापवतात ते), म्हणजे आधीपेक्षा ठिसूळ. डी२ खऱ्या अर्थाने नरम करायचं तर भट्टीत साडेआठशेच्या वर नेऊन तासाला दहा-वीस अंशांनी उतरवावं लागतं. टॉर्चने ते होणार नाही. लाल न करता, त्याच्या खालच्या तापमानाला धरून थोडं उतरवता येतं, पण तापवलेल्या जागेभोवती एक निळा-जांभळा पट्टा पडतो, आणि तुझ्या पंचात त्या पट्ट्याच्या बाहेर लगेच धार आहे. केंद्रापासून धार साडेबारा मिलिमीटरवर. धारेची कडकी गेली की पंचात राहिलं काय? वडिलांना हे असंच सांग. त्यांना राख आणि चुना माहीत आहे म्हणजे हेही लगेच समजेल.

आता कोबाल्ट का घसरलं ते. हाय स्पीड स्टीलचं ड्रिल साधारण ६३ ते ६५ एचआरसी असतं, ८ टक्के कोबाल्टवालं त्याच्याही थोडं वर. तुझा जॉब ६०. आकडे बघून वाटतं ड्रिलच वरचढ आहे. पण डी२ च्या पोटात क्रोमियम कार्बाइडचे कण विखुरलेले असतात, आणि ते कण १५०० विकर्सच्या (कडकी मोजायचं दुसरं माप) वर भरतात. हाय स्पीडचं टोक ९०० विकर्सच्या आसपास. रॉकवेलचा हिरा सगळ्याची सरासरी सांगतो, ड्रिलची धार मात्र एकेका कणावर आपटते. तो चकचकीत टिपका म्हणजे धार गेली आणि नुसतं घासणं उरलं. तिथे जोर लावून उपयोग नाही. ४५ एचआरसीच्या वर हाय स्पीडचा नाद सोडायचा, हा माझा नियम आहे.

मग राहतं टंगस्टन कार्बाइडचं ड्रिल, आपल्याकडे सगळे विडियाच म्हणतात. पण जनरल कामाचं नको, हार्ड स्टीलसाठी बनवलेलं सॉलिड कार्बाइड घे. त्याची ओळख सांगतो: लांबी आखूड, मधला गाभा जाड, टोकाचा कोन १४० अंशांच्या आसपास, कोटिंग टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचं किंवा सिलिकॉनवालं. सोनेरी रंगाचं साधं टायटॅनियम नायट्राइड इथे टिकत नाही. दुकानदाराला 'साठ एचआरसी डी२' एवढं स्पष्ट सांग, आणि दीड मिलिमीटरला लागतं तेवढंच आखूड माग. गरजेपेक्षा पाच मिलिमीटर लांब ड्रिल घेतलंस तर ते पाच मिलिमीटरच तुला रडवतील.

पिलर ड्रिलवर हे काम करू नकोस. कार्बाइडला वाकणं माहीत नाही. हाय स्पीडचं ड्रिल चकमध्ये तिरकं बसलं तर वळून सांभाळून घेतं, कार्बाइड तुटतं. तुझ्या पिलर ड्रिलच्या चकला डायल लावून बघ, पाच-सात शतांश मिलिमीटर सहज दिसतील. दीडच्या कार्बाइडला एक शतांशाच्या आत पाहिजे. मिलिंगवर कोलेट (ड्रिल चहूबाजूंनी सारखं पकडणारी चिरलेली बाही) लाव, कोलेटचा शंकू आणि आतली बाजू पुसून घे, ड्रिल बसव आणि लिव्हर डायल त्याच्या दांड्यावर धरून स्पिंडल हाताने फिरव. काटा हलला तर ड्रिल कोलेटमध्ये पाव फेरा वळवून परत घट्ट कर, परत बघ. याला अर्धा तास गेला तरी जाऊ दे. कामातला हाच भाग महत्त्वाचा आहे, भोक पाडणं त्यामानाने सोपं.

भोकाआधी खूण करायला टोकदार सेंटर पंच मारायचा नाही. साठच्या तोंडावर तो बसणार नाही, आणि टोकाचा तुकडा उडाला तर डोळ्यात जाईल. तोंड ग्राइंड आहे, सपाट आहे, आखूड ड्रिल सरळ उतरेल. खूण करायचीच असेल तर कार्बाइडचं स्पॉट ड्रिल, ज्याचा कोन तुझ्या ड्रिलच्या कोनाइतका किंवा त्याहून जास्त पसरट असेल. नव्वद अंशांचं स्पॉट ड्रिल लावलंस तर पुढच्या ड्रिलची मधली टोकदार जागा हवेत राहते आणि बाहेरचे कोपरे आधी टेकतात. कार्बाइड तिथेच टवके सोडतं.

वेग: साठ एचआरसीला मिनिटाला १२ ते १५ मीटर. दीड मिलिमीटरला १५ मीटर म्हणजे जवळजवळ ३२०० आरपीएम. तुझं २८०० म्हणजे १३ मीटर झाले, अगदी योग्य. फीड फेऱ्याला एक शतांश धर, म्हणजे मिनिटाला २८ मिलिमीटर, सेकंदाला अर्ध्याच्या जरा कमी. हाताने क्विल (स्पिंडलची वर-खाली होणारी बाही) उतरवताना हा अंदाज आधी ड्रिलशिवाय, घड्याळ बघून हाताला लावून घे.

खाली टेकल्यावर थांबायचं नाही. भोकात ड्रिल फिरतंय आणि पुढे सरकत नाही, असा एक सेकंदही जाऊ द्यायचा नाही, कारण त्या सेकंदात ते कापत नाही, घासतं, आणि घासून धार मारून घेतं. दीड-दोन मिलिमीटर आत गेलं की पाव-पाव मिलिमीटरने खाली-वर कर. वर काढताना पूर्ण बाहेर, हवेने कीस उडव, परत जाताना तळाशी धाडकन आपटू नको. कूलंट द्यायचं तर अखंड दे, नाहीतर अजिबात नको. तापलेल्या कार्बाइडवर मध्येच बाटलीने पाण्याची पिचकारी मारली की बारीक भेगा पडतात. मी नेहमी हवा आणि तेलाचा नुसता धुरळा देत आलो आहे.

कापतंय की घासतंय हे कळतं कसं? ड्रिल नीट कापत असेल तेव्हा बाहेर येणारा कीस बारीक रांगोळीसारखा असतो, राखाडी, हाताला खरखरीत, आणि प्रत्येक वेळी ड्रिल वर आलं की भोकाच्या कडेला त्याची छोटी कडी जमते. आवाज एकसुरी, कोरडा. कीस यायचा थांबला आणि आवाज चिरका झाला की लगेच बाहेर काढ, भिंगाखाली टोक बघ. कोपरा गोल झालेला दिसला की ते ड्रिल बाजूला ठेव. 'अजून दोनच मिलिमीटर राहिलेत' म्हणून तेच आत घातलं की ते आतच राहतं.

तुझ्या पंचात एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे. मागचं ५ चं भोक साध्या ड्रिलने पाडलं असणार, म्हणजे त्याचा तळ शंकूसारखा आणि शंकूचं टोक मधोमध. तोंडाकडून तुझं दीडचं ड्रिल त्याच मध्यावर उतरलं तर बाहेर पडताना चारी बाजूंनी सारखं सुटेल. मध्य चुकला तर शेवटच्या मिलिमीटरला एका बाजूला लोखंड आणि दुसऱ्या बाजूला पोकळ, आणि तिथे ते हमखास मोडतं. म्हणून मध्य पंचाच्या बाहेरच्या व्यासावरून काढू नको. पाठीकडून त्या ५ च्या भोकावर डायल लावून बघ ते खरंच मध्यावर आहे का. नसेल तर हे काम स्पार्कवर, म्हणजे सुपर ड्रिलवर, दे.

डॉवेलचं वेगळं लिहितो, जेवायला हाक आली.


गोरवा_वायरकट:

काकांनी ड्रिलची बाजू इतकी नीट मांडली की मला स्पार्कपुरतंच लिहायचं आहे. गोरव्याला माझं वायरकट आणि सुपर ड्रिलचं जॉबवर्क आहे, दिवसभर हेच करते.

सुपर ड्रिलमध्ये कापणारं असं काही नसतं. पितळेची पोकळ नळी गोल फिरत खाली येते, तिच्यातून मीठ-खनिज काढलेलं पाणी जोराच्या दाबाने येतं, आणि नळी व जॉब यांच्यामध्ये ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी लोखंडाचा सूक्ष्म कण वितळवते, पाणी तो बाहेर फेकतं. नळी जॉबला टेकतच नाही. त्यामुळे जॉब साठ आहे की वीस, नळीला काही फरक पडत नाही, वीज वाहिली म्हणजे झालं. ही युक्ती रशियातल्या बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या जोडप्याने १९४३ मध्ये शोधली. विजेच्या कॉन्टॅक्टचे पॉइंट ठिणग्यांनी झिजतात, ती झीज थांबवायचं काम त्यांच्याकडे होतं. झीज थांबेना, तेव्हा त्यांनी त्याच झिजेने धातू कोरायला सुरुवात केली. मला ही गोष्ट फार आवडते, नव्या पोरांना मशीन शिकवताना आधी हीच सांगते.

दीडच्या भोकाला नळी दीडची लावायची नाही. ठिणगीचं अंतर धरून १.४ ची लावली की भोक साधारण १.५ चं येतं. पंच १२ मिलिमीटर भरीव आहे, हे काही खोल नाही, मिनिटांत होतं. वेळ जातो तो जॉब लावण्यात.

दादा, जॉब आमच्यासारख्यांकडे पाठवण्याआधी तीन गोष्टी करून पाठवा, तुमचंही काम चांगलं होईल. पहिली: सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटवरून पंच आला असेल तर डीमॅग्नेटाइझ करा. जॉबमध्ये चुंबक राहिलं की कोरलेले कण बाहेर जाण्याऐवजी कडेला चिकटतात, शॉर्ट होतो, भोक वेडंवाकडं होतं. दुसरी: मागच्या ५ च्या भोकात भट्टीची काळी पपडी असेल ती घासून काढा. पपडीतून वीज जात नाही. नळी आरपार व्हायच्या वेळेला तिथे पोचते आणि ठिणगी अडकते. तिसरी: कोणत्या बाजूने मध्य धरायचा ते कागदावर लिहून द्या. 'मधोमध' एवढंच लिहिलेले जॉब रोज येतात, आणि बाहेरचा व्यास व आतलं भोक यांचा मध्य एक नसतो.

आरपार होतानाची अडचण इथेही आहे. नळीचं टोक झिजून गोळीसारखं निमुळतं होतं, आणि भोक सुटल्याबरोबर पाण्याचा दाब खालून निघून जातो. लगेच थांबलं तर खालचं तोंड अरुंद राहतं. म्हणून नळी आणखी पुढे, झिजलेला भाग पूर्ण पार होईल इतकी सोडावी लागते. तुमच्या पंचात खाली ५ ची पोकळी आहे, जागा आहे, काही अडचण नाही.

आणि भोकाच्या आतल्या भिंतीवर वितळून परत थिजलेला एक पातळ थर राहतो, एखाद-दोन शतांशाचा, कडक आणि ठिसूळ. हवेच्या भोकाला त्याने काही होत नाही. डॉवेलच्या भोकाला मात्र सुपर ड्रिलवर विसंबू नका. त्याला आधी सुपर ड्रिलने स्टार्ट होल आणि मग वायरकटने साइझ, असंच करा. ४ मिलिमीटरला एच७ म्हणजे शून्य ते अधिक १२ मायक्रॉन. वायर दोन-तीन कट घेऊन ते आरामात देते, आणि शेवटचे हलके कट तो थर बराचसा काढूनही टाकतात.

एक विचारते, डाय प्लेट कोणत्या तापमानाला टेंपर केली आहे? हीट ट्रीटमेंटवाल्याच्या कागदावर असेल. दोनशेच्या आसपास टेंपर केलेल्या डी२ मध्ये आतला ताण जास्त असतो, आणि वायरकट करताना प्लेट कधीकधी तडकते. पाचशेच्या वर टेंपर केली असेल तर निर्धास्त. दोन छोट्या भोकांना धोका कमी आहे, पण मला आधी माहीत असलेलं बरं वाटतं.


इंदूर_इंजिनवाला:

माझा धंदा बडोद्याचा नाही आणि टूलचाही नाही, इंदुरात इंजिनचं काम करतो. पण आम्हालाही कडक पिनांमध्ये भोक लागतं. सिमेंटच्या भिंतीत पाडायचं मेसनरी ड्रिल घ्यायचं, त्याच्या टोकाचा विडिया हिरव्या दगडावर धार लावून तीक्ष्ण करायचा. मशीनवर सावकाश, तेल सोडून. गजन पिनेत (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) मी असंच करतो. महागडं ड्रिल कशाला?


निवृत्त_टूलरूम:

इंदूरकर, तुमची रीत चालते, मीही पाहिली आहे, पण ती का चालते ते सांगितलं पाहिजे. गजन पिन आरपार कडक नसते. ती केस हार्डनिंगची, म्हणजे फक्त वरून कडक केलेली, वरची कातडी फार तर मिलिमीटरभर साठच्या आसपास, आत गाभा तीस-चाळीस. मेसनरीचा विडिया ती कातडी फोडतो आणि पुढे काम सोपं होतं. अशा पिनेला याहून सभ्य उपाय म्हणजे हँड ग्राइंडरला हिऱ्याचा छोटा बर लावून कातडी तेवढी पाण्याखाली, हलक्या हाताने खणून काढायची आणि मग कोबाल्टने गाभ्यातून जायचं. हिरा तापला की लोखंडात झिजतो, म्हणून पाणी आणि हलका हात. शिवाय मेसनरी ड्रिल ३-४ मिलिमीटरच्या खाली मिळत नाही आणि त्याच्या टोकाला मध्य म्हणून काही नसतो. आमच्या मित्राचा पंच आतून-बाहेरून साठ आहे आणि भोक दीडचं. तिथे हे चालायचं नाही. हिरवा दगड मात्र तुम्ही बरोबर सांगितलात. साध्या पांढऱ्या किंवा करड्या दगडावर विडियाला धार लागत नाही, दगडच झिजतो.

यावरून सगळ्या नवीन पोरांना सांगतो, हार्ड जॉबला ड्रिल लावण्याआधी एवढं शोधून काढा: तो वरून कडक आहे की आरपार. तोडलेला तुकडा असेल तर तुटलेल्या तोंडावर नवी बारीक कानस फिरवून बघा. कडेला घसरली आणि मध्यावर बसली तर कातडी कडक. सगळीकडे घसरली तर आरपार.

आता डॉवेल. गोरव्याच्या ताईंचं वायरकटचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आज मीही तेच करीन. तरी वायरकट नसताना आम्ही कसं करायचो ते सांगतो, कारण कधी जॉब पाठवणं शक्य नसतं आणि हाताला हे येत असलेलं बरं. कार्बाइडने ३.९ चं भोक, मिलिंगवर वर सांगितलं त्याच शिस्तीने, १२०० आरपीएमच्या आसपास. मग तांब्याची किंवा बिडाची सळई भोकापेक्षा किंचित बारीक टर्न करायची, एका टोकाकडून मधोमध चिरायची, चिरेत बारीक पाचर घालून फुलवता येईल अशी. तिला हिऱ्याची पेस्ट लावायची आणि हळू फिरवत भोकात वर-खाली करायची. नरम सळईत हिऱ्याचे कण रुततात आणि कडक भोकाला घासतात. थोडं घासलं की पुसायचं, गो गेज (भोकाचं माप तपासायची दांडी) लावून बघायचं, पाचर थोडी आत मारायची, परत. कडेला भोक फनेलसारखं पसरू नये म्हणून सळई भोकापेक्षा बरीच लांब पाहिजे आणि प्रत्येक वेळी दोन्ही तोंडांतून बाहेर आली पाहिजे. दहा शतांश घासायला बराच वेळ जातो. घाई करून पेस्ट जाड लावली की भोक अंडाकृती होतं. पण शेवटी डॉवेल पिन अंगठ्याच्या दाबाने तेलाच्या पापुद्र्यावरून आत सरकते तेव्हा हातालाच कळतं की साइझ आलं. इतकं नेमकं भोक हाताने काढण्याचं समाधान मला दुसऱ्या कोणत्याही कामात मिळालं नाही.

आणि पुढच्या टूलपासून एक कर. स्टॉपर सरकण्याची शक्यता असेल तिथे डाय प्लेटमध्ये नरम असतानाच १० मिलिमीटरचं मोठं भोक ठेव. हार्डनिंग झाल्यावर त्यात माइल्ड स्टीलचा प्लग प्रेस फिट बसव आणि प्लेटबरोबर ग्राइंड कर. डॉवेलचं भोक त्या नरम प्लगमध्ये, सगळं जुळवून झाल्यावर, साध्या ड्रिल आणि रीमरने. टूल बदललं, स्टॉपर सरकवायचा झाला, की प्लग ठोकून काढायचा आणि नवा बसवायचा. टूलरूमची ही जुनी पद्धत आहे, आणि आता वायरकट आहे म्हणून लोक ती विसरत चालले आहेत.


मकरपुरा_प्रेसटूल:

काका, ताई, फार आभार. वडिलांना हवेत कडक होण्याचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, राखेत पुरायचो ते सिल्व्हर स्टीलच होतं, डी२ ला मी कधी गॅस लावला नाही. टॉर्च परत खुंटीवर गेली.

पंचाचं ५ चं भोक डायलवर पाहिलं, मध्यापासून आठ शतांश बाजूला आहे. म्हणजे काकांच्या सांगण्याप्रमाणे पंच सुपर ड्रिलला देतो. डाय प्लेटच्या कागदावर टेंपरिंग ५२० लिहिलंय, ती वायरकटला. पण कार्बाइडने भोक पाडायचं मला शिकायचंच आहे, म्हणून त्याच मालाचा हार्ड तुकडा घेऊन मिलिंगवर सराव करणार आहे.

एकच शंका राहिली. कार्बाइडचं ड्रिल आत मोडलं तर ते काढायचं कसं? त्याच्यावर तर कोणतंच ड्रिल चालणार नाही.


गोरवा_वायरकट:

५२० असेल तर डाय प्लेटची काळजी नाही. पंच आठ शतांश बाजूला आहे ना, तर मध्य बाहेरच्या व्यासावरून धरायचा की आतल्या भोकावरून, हे लिहून द्यायला विसरू नका. मी तुमच्या जागी असते तर बाहेरचा धरला असता. हवा पत्र्याच्या मधोमध आली पाहिजे. आतल्या बाजूला आठ शतांश सरकलेलं चालतं, नळीला चारी बाजूंनी सारखं सुटण्याची गरज नसते.

मोडलेल्या कार्बाइडचं म्हणाल तर कार्बाइडमधूनही वीज जाते. सुपर ड्रिलची नळी ड्रिलच्या व्यासापेक्षा बारीक लावायची आणि ड्रिलच्या गाभ्यातूनच खाली जायचं. गाभा गेला की दोन्ही बाजूच्या पाकळ्या सैल होतात, चिमट्याने किंवा हवेने निघतात. लोखंडापेक्षा वेळ बराच जास्त लागतो, नळीही जास्त झिजते, म्हणून आम्ही त्याचा वेगळा भाव घेतो.


निवृत्त_टूलरूम:

त्यात माझी भर एवढीच: मोडल्यावर पंच मारून तो तुकडा फोडायचा मोह होतो. करू नकोस. कार्बाइडचे कोपरे भोकाच्या भिंतीत रुततात आणि नंतर नळीही सरळ उतरत नाही. मोडलं की स्पिंडल बंद कर, जॉब बांधलेला आहे तसाच राहू दे, कोणत्या खोलीवर मोडलं ते क्विलच्या डायलवरून लिहून घे आणि ताईंना तो आकडा दे. सरावाच्या तुकड्यावर चष्मा घालूनच बस, कार्बाइड मोडताना पुढच्या माणसाचा विचार करत नाही. आणि पहिलं भोक १२ मिलिमीटरचं नको, ३ मिलिमीटरचं पाड. ते झालं की त्या ड्रिलचं टोक भिंगाखाली बघ, आणि टोक शाबूत असेल तरच त्याच ड्रिलने पुढचं खोल घे.